अडतीस आणि शून्य : एका घरातले दोन रक्तनमुने

भाद्रपदातली रात्र, साडेदहा वाजून गेलेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यातल्या एका गावात आमचं पथक घरोघर फिरून बोटाचं रक्त घेत होतं. माणसं झोपेतून उठून ओसरीवर येत, टॉर्चच्या उजेडात हात पुढे करत, सुई टोचून झाली की कापसाचा बोळा दाबत पुन्हा अंथरुणाकडे वळत. "दिवसा या ना जी, रातीच कायले?" हा प्रश्न दर तिसऱ्या घरात. मी तेव्हा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. त्या रात्री पथकाबरोबर मुद्दाम गेले होते, कारण हत्तीरोगाच्या सार्वत्रिक औषधोपचार मोहिमेत या गावात गोळ्या नाकारणारे बरेच निघाले होते.

त्यांच्यापैकी एका घराची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरात आई, मुलगा, सून आणि मुलाचे दोन धाकटे भाऊ. आईचं वय ५८. तिचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड आणि खरखरीत, घोट्याजवळ घडी पडलेली. मुलगा ३२ वर्षांचा, अंगापिंडाने काटक, दोन एकरांत धान करणारा आणि हंगाम संपला की राईस मिलमध्ये पोती उचलणारा. मागच्या मोहिमेतल्या गोळ्या त्याने आशाताईंकडून घेतल्या होत्या, नोंदवहीत त्याच्या नावापुढे खूणही होती, पण गोळ्या मात्र सांदवाडीत फेकून दिल्या होत्या. हे त्याने स्वतःच सांगितलं, लपवाछपवी केली नाही.

"मले तं काहीच होत नाही जी," तो म्हणाला. "दवाई माह्या मायले द्या. पाय तिचा सुजला हाये."

तीन दिवसांनी काचपट्ट्यांचा निकाल आला. आईच्या रक्तात शून्य. मुलाच्या रक्तात, त्या एका थेंबात, ३८ मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीची सूक्ष्म पिल्लं.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं, पण अडाणीपणाचं अजिबात नव्हतं. जे डोळ्यांना दिसतं त्यावरून शहाणा माणूसही हेच म्हणेल. पाय ज्याचा सुजला तो रोगी, धडधाकट फिरतो तो निरोगी. या एका रोगात मात्र हिशोब उलटा पडतो, आणि का उलटा पडतो हे समजायचं तर कृमीने या माणसाच्या रोगप्रतिकारशक्तीशी कसं जमवून घेतलं होतं ते पाहावं लागतं.

तपासणीत काय सापडलं

मुलाला केंद्रात बोलावून नीट तपासलं. ताप नाही, वजन ५८ किलो, हातापायांना सूज नाही, अंडवृद्धी नाही. जांघेत दोन्ही बाजूंना बोटाला लागतील अशा लहान गाठी होत्या, पण अनवाणी चिखलात राबणाऱ्या माणसाच्या जांघेत त्या असायच्याच. पायाला जखम झाली की अवधाण येतं, हे त्यालाही ठाऊक होतं. रक्तात इओसिनोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी ९ टक्के, म्हणजे थोड्या वाढलेल्या. एवढंच. फिलेरिया (म्हणजे हत्तीरोग) टेस्ट स्ट्रिपवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे संसर्ग आहे. ही पट्टी रक्तात फिरणारं प्रौढ कृमीचं प्रथिन पकडते, त्यामुळे तिला दिवस-रात्र सारखीच. आईच्या पट्टीवर एकच रेघ आली.

२० मायक्रोलिटरच्या थेंबात ३८, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १९००. शरीरात पाच लिटर रक्त धरलं तर त्या रात्री त्या वेळी त्याच्या अंगात साधारण ९५ लाख पिल्लं फिरत होती. त्याला त्याची काडीचीही जाणीव नव्हती. एक बारीक काटा रुतला तर बोट ठणकतं, लाल होतं, पू धरतं. इथे लाखो परकी प्राणी रक्तातून वाहत होते आणि अंगात कणकणही नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला रात्री दहा वाजता पुन्हा बोलावलं. बोटाचा ताजा थेंब काचेवर घेऊन, रंग न लावता, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी मी पाहिलं, मग त्याला पाहायला सांगितलं. ताज्या रक्तात मायक्रोफायलेरिया दिसतो तो आधी त्याने उडवलेल्या गोंधळामुळे. लाल पेशी शांत पसरलेल्या असतात आणि मध्येच एका जागी त्या हेलकावतात, बाजूला ढकलल्या जातात, तिथे एक पारदर्शक दोरा सारखा वळवळत असतो. जागा फारशी सोडत नाही, नुसता फटकारे मारतो. लांबी पाव मिलिमीटरहून थोडी जास्त, जाडी लाल पेशीएवढी. त्याने बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग विचारलं, "हे माह्या अंगातलं?" त्यानंतर त्याने गोळ्यांबद्दल वाद घातला नाही.

कृमी राहतो कुठे

या कृमीचं नाव वूचेरेरिया बँक्रॉफ्टी. भारतातला बहुतेक सगळा हत्तीरोग त्याच्यामुळे होतो. केरळात काही ठिकाणी ब्रुगिया मलायी हा त्याचा भाऊबंद सापडतो. नाल्यातल्या आणि शौचालयाच्या टाकीतल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हे त्याचं वाहन. डास चावताना अळी कातडीवर सोडतो आणि चाव्याच्या छिद्रातून ती आत शिरते. मलेरियाप्रमाणे एका चाव्यात काम होत नाही. कृमी जमायला शेकडो-हजारो चावे लागतात, म्हणजे वर्षानुवर्षं त्याच गावात, त्याच डासांत राहावं लागतं. आत शिरलेली अळी लसीकावाहिनीत पोहोचते आणि ६ ते १२ महिन्यांत प्रौढ होते. मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब, शिवणकामाच्या दोऱ्यासारखी. नर साधारण ४ सेंटिमीटर. ही जोडपी गुंतवळ करून ६ ते ८ वर्षं राहतात आणि मादी रोज हजारो पिल्लं रक्ताकडे रवाना करते.

लसीकावाहिनी म्हणजे काय हे लक्षात घेतलं तर इथे थांबून विचार करावासा वाटतो. शरीरात कुठेही परकं काही घुसलं की त्याची खबर घेऊन पेशी याच वाहिन्यांतून लसीका ग्रंथींकडे जातात. ग्रंथी हे रोगप्रतिकारशक्तीचं ठाणं. तिथे खबर तपासली जाते, कोणाविरुद्ध फौज पाठवायची ते ठरतं. कृमीने घर केलं ते या ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. लपायचंच असतं तर त्याला याहून वाईट जागा मिळाली नसती. म्हणजे तो लपत नाही. त्याचं काम वेगळ्या रीतीने चालतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या लोकांतही आहे. मायक्रोफायलेरिया दिवसा फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत थांबतात आणि रात्री १० ते २ या वेळात बाहेरच्या रक्तात सर्वाधिक संख्येने येतात, म्हणून तर आम्ही रात्री सुया घेऊन फिरतो. काहींना वाटतं की दिवसा ते शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपतात. तसं नाही. क्युलेक्स रात्री चावतो आणि पिल्लांना डासाच्या पोटात जायचं असतं. वेळापत्रक डासासाठी आहे. पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या अमॉय बंदरात १८७७ मध्ये डासाच्या पोटात या पिल्लांची वाढ पाहिली आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हे रात्रीचं येणं-जाणंही नोंदवलं. त्याआधी, १८७२ मध्ये, टिमोथी लुईस यांना कलकत्त्यात माणसाच्या रक्तात ही पिल्लं दिसली होती. शरीराचे पहारेकरी फुप्फुसांतही असतात. त्यांना चुकवायला दुसरा उपाय लागतो.

जागल्याला गप्प कसं केलं

कृमी पेशीपेक्षा लाखो पटींनी मोठा असतो, त्याला कोणतीही पेशी गिळू शकत नाही. म्हणून शरीराने कृमींसाठी वेगळी पद्धत ठेवली आहे. मदतनीस टी पेशींची एक फळी आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ हे निरोप सोडते. त्यातून आयजीई जातीच्या अँटिबॉडी तयार होतात, इओसिनोफिल वाढतात. आयजीई कृमीच्या प्रथिनाला चिकटते, इओसिनोफिल तिला धरून कृमीवर आपल्या विषारी दाण्यांचा मारा करतात. ही यंत्रणा चांगली चालते. माझ्या रुग्णातही ती सुरू झाल्याच्या खुणा होत्या, ९ टक्के इओसिनोफिल उगाच नव्हते. मग ती अर्ध्यावर का थांबली?

कृमीच्या बाजूने पहिलं काम संरक्षणाचं. शरीराच्या पेशी ऑक्सिजनपासून बनलेल्या जहाल रेणूंचा मारा करतात. फिलेरियाचे कृमी आपल्या पृष्ठभागावर आणि आसपास ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आणि सुपरऑक्साइड डिस्म्युटेज ही विकरं ठेवतात, ती या रेणूंना निष्प्रभ करतात. हे चिलखत झालं.

दुसरं काम खबर अडवण्याचं. खबरी पेशी परकं प्रथिन गिळतात, आत त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे टी पेशींना दाखवतात. हे तुकडे करायला काही विकरं लागतात. ब्रुगिया मलायी सिस्टॅटिन गटातलं एक प्रथिन सोडतो आणि ते नेमक्या या विकरांना अडकवून ठेवतं. तुकडेच झाले नाहीत तर दाखवणार काय? ठाण्यापर्यंत निरोप जातो तो अर्धवट. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की जिवंत मायक्रोफायलेरियांच्या सहवासात माणसाच्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे सगळ्यात तरबेज खबरी, मरू लागतात.

तिसरं काम मला सगळ्यात थक्क करणारं वाटतं. शरीराच्या पेशी आपसांत ज्या रासायनिक निरोपांनी बोलतात, त्यांच्याशी मिळतीजुळती प्रथिनं कृमी स्वतः बनवतो. शांत व्हा, ऊतींची डागडुजी करा, असं सांगणारं टीजीएफ-बीटा माणसाच्या शरीरात असतं; ब्रुगियाकडे त्याच्या कुळातलं प्रथिन आहे. एमआयएफ नावाच्या निरोप्याच्याही दोन नकला त्याच्याकडे आहेत. ज्याने हाकेचा आवाज ओळखायचा त्यालाच ओळखीच्या आवाजात कोणी सांगावं की घरचाच माणूस आहे, तू झोप, तसं हे. गावाच्या जागल्याला मारून टाकलं तर सकाळी बोंब होते. त्याला घरचं माणूस असल्याची खात्री पटवली तर वर्षानुवर्षं बोंब होत नाही.

हे वाचताना एक ध्यानात ठेवावं. यातलं बरंचसं ज्ञान ब्रुगियावरच्या प्रयोगांतून आलं आहे, कारण तो जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात वाढवता येतो. वूचेरेरियाला प्रयोगशाळेतले नेहमीचे प्राणी चालत नाहीत, त्याला माणूसच लागतो. ब्रुगियाचा जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हापासून या नकलांची यादी वाढत गेली. आणि फसवणूक, खात्री पटवणं हे शब्द आपले. कृमीला डोकं नाही, हेतू नाही. लाखो वर्षांत ज्या कृमींनी यजमानाला चिडवलं ते पिल्लं घालण्याआधी मेले. ज्यांनी शांत ठेवलं त्यांचा वंश आपल्यासमोर आहे.

या सगळ्याचा माणसाच्या शरीरावर परिणाम काय होतो, ते १९७७ मध्येच दिसलं होतं. एरिक ऑटेसन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या कुक बेटांपैकी मौके या बेटावरच्या लोकांच्या रक्तपेशी तपासल्या. ज्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होते त्यांच्या पेशी फिलेरियाच्या प्रथिनांसमोर ढिम्म राहिल्या. दुसरी परकी प्रथिनं दिल्यावर त्याच पेशी नीट चवताळून उठल्या. प्रतिकारशक्ती दुबळी झाली नव्हती. एकाच पाहुण्यापुरती तिने डोळे मिटले होते. पुढच्या संशोधनातून कारणं सुटी होत गेली: अशा लोकांत आयएल-१० हा शांत करणारा निरोप वाढलेला असतो, आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी जास्त काम करतात, आणि अँटिबॉडींचा कल बदलतो. आयजीईऐवजी आयजीजी-४ ही जात भरमसाट बनते. ती कृमीच्या त्याच प्रथिनांना जाऊन चिकटते पण कोणालाही हल्ल्यासाठी बोलावत नाही. जागा अडवते, एवढंच. आयजीईला मग हात धरायला जागा उरत नाही.

विदर्भाच्या वाचकांना हेही माहीत असावं की सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलेरियाच्या प्रथिनांवर आणि त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडींवर कित्येक वर्षं काम केलं. रात्री रक्त न घेता निदान करता यावं ही त्यामागची धडपड होती. ज्या भागात रोग आहे त्याच भागात हे काम झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

माझ्या रुग्णाच्या आयजीजी-४ ची किंवा आयएल-१० ची तपासणी मी केलेली नाही. ग्रामीण केंद्रात ती होत नाही. पण १९०० मायक्रोफायलेरिया आणि एकही लक्षण नाही, ही जोडी मौकेच्या लोकांसारखीच होती.

मग आईचं काय झालं

आईने सांगितलेली हकीकत अशी. धाकटा मुलगा पोटात होता त्याच्या आधीपासून पाय अधूनमधून भरायचा. आधी थंडी वाजून ताप, मग जांघेत अवधाण, मग पाय लालबुंद आणि हात लावू देईना. चार-पाच दिवसांत उतरायचं. सुरुवातीला सूजही पूर्ण जायची. पुढे थोडी थोडी मागे राहू लागली. आता पावसाळ्यात तीन-चार वेळा ताप येतो आणि सूज कधीच जात नाही.

तिच्या रक्तात पिल्लं नाहीत, प्रौढ कृमीचं प्रथिनही नाही. जुन्या सुजेच्या बहुतेक रुग्णांत असंच आढळतं. तिच्या शरीराने कृमीला मान्य केलं नाही. चेन्नईतले सुभाष बाबू आणि अमेरिकेतले थॉमस नटमन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की फिलेरियामुळे पाय सुजलेल्या रुग्णांत कृमीच्या प्रथिनांविरुद्ध दाह पेटवणाऱ्या टी पेशींच्या दोन फळ्या जोरात असतात आणि आवर घालणाऱ्या नियामक पेशी कमी पडतात. जागल्या जागा होता. त्याने लाठी चालवली, आणि ती चोराबरोबर घराच्या भिंतीवरही बसली. लसीकावाहिन्यांच्या नाजूक झडपा निकामी झाल्या, लसीकाद्रव साचू लागला, बोटांच्या बेचक्यातल्या भेगांमधून जिवाणू शिरू लागले आणि त्यांनीच पुढची सगळी नासाडी केली. हा शेवटचा मुद्दा ब्राझीलमधल्या रेसिफेच्या जेरुझा ड्रेयर यांनी ठासून मांडला: पाय वाढत जातो तो मुख्यतः वारंवार होणाऱ्या जिवाणूसंसर्गामुळे, आणि साबण-पाण्याने तो रोखता येतो.

दोष फक्त प्रतिकारशक्तीच्या रागाचा आहे असंही नाही. गप्प राहिलेल्या मुलाच्या लसीकावाहिन्याही सुरक्षित नव्हत्या. जिवंत कृमी जिथे राहतो तिथली वाहिनी फुगत जाते, लक्षण नसलं तरी. रेसिफेतच सोनोग्राफीवर अंडकोषाच्या लसीकावाहिन्यांत जिवंत कृमींची वळवळ पाहिली गेली, तिला फिलेरियाचं नृत्य असं नाव पडलं. ज्यांच्यात हे नृत्य दिसलं त्यांपैकी अनेकांना कसलीही तक्रार नव्हती. आज शांत असलेला माणूस उद्या आईच्या वाटेने जाऊ शकतो.

या दोघांखेरीज तिसऱ्या जातीचे रुग्णही असतात, आणि ते मला दम्याच्या औषधांवर सापडले आहेत. रात्री ढास लागते, छातीत घरघर, रक्तात इओसिनोफिल घनमिलिमीटरला ३००० च्या वर, आयजीई प्रचंड. बोटाच्या रक्तात पिल्लू एकही नाही, कारण फुप्फुसांत आलेलं प्रत्येक पिल्लू शरीर तिथल्या तिथे मारतं, आणि त्या मारामारीने फुप्फुसं खराब होतात. याला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात. ज्या कृमीने माझ्या रुग्णाला शिंकही येऊ दिली नाही, तोच कृमी या माणसाला रात्रभर बसवून ठेवतो. फरक कृमीत नाही, यजमानाच्या उत्तरात आहे. म्हणूनच मी शरीराच्या गप्प बसण्याला निव्वळ पराभव म्हणत नाही. हाताच्या बोटाएवढ्या लांब प्राण्याला आपल्याच वाहिनीत मारायचं तर वाहिनीची किंमत मोजावी लागते. काही शरीरं ती मोजत नाहीत.

गोळ्या आणि ताप

मुलाला डायइथाइलकार्बामेझिन, म्हणजे डीईसी, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, १२ दिवस अशी सुरू केली. पहिल्या दिवशी सकाळी आणि दुपारी त्याने माझ्यासमोर आणि आशाताईंसमोर गोळी घेतली. संध्याकाळी सात वाजता त्याच्या भावाचा फोन आला. थंडी भरली होती, डोकं फुटत होतं, एकदा उलटी झाली होती. मी गेले तेव्हा ताप १०२ होता. ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि त्यातलं एक वाक्य मी विसरू शकत नाही: "चांगल्या पोराले गोळीनं पाडलं."

चूक माझी होती. ताप येऊ शकतो हे मी त्याला सांगितलं होतं, पण घाईत, ओझरतं. त्याच्या आईला, भावांना, शेजाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. १९०० चा आकडा पाहून हा ताप येणार हे मला कळायला हवं होतं. जितकी पिल्लं जास्त तितकी प्रतिक्रिया जोरात, हे पक्कं माहीत असलेलं आहे.

त्या रात्री ओसरीवर बसून जे सांगितलं ते असं. डीईसी १९४७ पासून वापरात आहे, पण काचेच्या नळीत मायक्रोफायलेरियावर ते टाकलं तर फारसं काही होत नाही. शरीरात मात्र काही तासांत पिल्लं रक्तातून नाहीशी होतात. म्हणजे मारण्याचं काम औषध एकटं करत नाही. पिल्लांवरचं पांघरूण निघतं आणि इतकी वर्षं शांत बसलेली आपलीच फौज त्यांच्यावर तुटून पडते. ताप औषधाचा नाही, त्या धुमश्चक्रीचा आहे. दुसरं कारण कृमीच्या पोटातलं आहे. या कृमींच्या पेशींत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय मादीला पिल्लं होत नाहीत. कृमी मरून फुटला की हे जिवाणू रक्तात सांडतात. कृमीची भाषा गोड असली तरी जिवाणूची प्रथिनं शरीर बरोबर ओळखतं, आणि जिवाणूसाठी जो ताप चढायचा तो चढतो. ज्यांच्या अंगात पिल्लंच नाहीत त्यांना या गोळीने सहसा काही होत नाही. "ज्याले ताप आला त्याच्या अंगात होते," असं आशाताईंनी एका वाक्यात सांगितलं आणि माझ्या पाऊण तासाच्या बोलण्यापेक्षा ते लोकांना जास्त पटलं.

पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी उजव्या बाजूला अंडकोषावर वाटाण्याएवढी दुखरी गाठ आली, आठवड्याभरात विरली. प्रौढ कृमी मरतो तिथे अशी गाठ येते. बारा दिवस त्याने पूर्ण केले.

सगळ्या गावाला एकदम गोळ्या देण्यामागचा हिशोबही याच प्रकरणात आहे. गप्प बसलेलं शरीर स्वतःहून तक्रार घेऊन दवाखान्यात येणार नाही, आणि रात्री चावणारा डास मात्र त्याच्याकडूनच पिल्लं उचलणार. सुजलेल्या आईकडून डासाला काही मिळत नव्हतं. १९५५ मध्ये राष्ट्रीय फिलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात पुढे बराच काळ भर रक्त तपासून रुग्ण शोधण्यावर होता. २००४ पासून सार्वत्रिक गोळ्या आल्या, पुढे डीईसीबरोबर अल्बेंडाझोल, आणि नागपूरसारख्या काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन धरून तिहेरी औषध. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं सोडून सगळ्यांना. गोळी हातात न देता समोर खायला लावायची, हा नियम सांदवाडीत पडलेल्या गोळ्यांमुळेच आला. आणि माझं स्पष्ट मत आहे की हत्तीपाय हे नावच या कामाच्या आड येतं. नाव ऐकलं की लोक पायाकडे बघतात.

पुढचं वर्ष-दोन वर्षं

आईसाठी औषधापेक्षा बादली महत्त्वाची ठरली. रोज रात्री साबणाने पाय धुणं, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी मऊ फडक्याने टिपणं, भेगांना मलम, झोपताना पायाखाली घडी केलेलं घोंगडं, चिखलात जाताना चप्पल. हे सुनेने अंगावर घेतलं. पुढच्या पावसाळ्यात तापाचा झटका एकदाच आला. सूज थोडी उतरली, कातडीचा खरखरीतपणा कमी झाला. पाय पूर्ववत होणार नाही हे मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताप नाही आला तं रोवण्याले जाता येते, तेवढंच पायजे."

सून तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती. तिचं रक्त मी दोनदा रात्री तपासलं, दोन्ही वेळा निरंक. माझ्या मनात मौकेचाच दुसरा अभ्यास होता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात, गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होते त्यांची मुलं १७ ते १९ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा कृमीच्या प्रथिनांना त्यांचं उत्तर इतर मुलांपेक्षा मंद निघालं. जन्माआधीच ओळख करून दिल्यासारखं. वडिलांच्या रक्तातल्या पिल्लांचा असा परिणाम दिसलेला नव्हता. तरी निरंक अहवाल हातात आला तेव्हा मला हायसं वाटलं.

मुलाचे नमुने: बाराव्या दिवशी शून्य. सहा महिन्यांनी ३. मोहिमेतला डोस समोर खाल्ल्यावर, पहिल्या नमुन्याला वर्ष झालं तेव्हा १. दुसऱ्या वर्षी रात्री अकरा वाजता घेतलेल्या थेंबात एकही नाही, दुसऱ्या बोटाच्या थेंबातही नाही. मी खुशीत त्याच रात्री टेस्ट स्ट्रिप लावली. दहा मिनिटं दोघं ओट्यावर बसून पट्टीकडे बघत होतो. पहिली रेघ आली. मग दुसरी, फिकट, पण स्पष्ट.

"म्हंजे अजून हाये का जी आत?"

"आहे," मी म्हणाले. "पिल्लं नाहीत. मोठा एखादा आहे."

त्याने हात पुढे केला. गोळ्या मोजून दिल्या, त्याने माझ्यासमोर पाण्याच्या घोटाबरोबर घेतल्या, आणि धाकट्या भावाला उठवायला आत गेला.